उंच अंगकाठी, वाढता नंबर: वेळीच तपासा!



घरात एखादं मूल इतरांपेक्षा फार उंच, काटकुळं असतं. हातपाय, बोटं लांबसडक असतात. “आजोबांच्या वळणावर गेलंय,” असं आपण म्हणतो. पण त्याच्या चष्म्याचा नंबरही भराभर वाढत असेल, तर डॉक्टरांना दाखवाच. हा मारफान नावाचा आनुवंशिक आजार असू शकतो. फ्रान्समधील बालरोगतज्ज्ञ आंत्वान मारफान यांनी १८९६ साली त्याची नोंद केली. साधारण ५,००० माणसांत एकाला तो असतो.

डोळ्यात काय बिघडतं?
शरीराला बळकटी देणारे धागे या आजारात कच्चे राहतात. डोळ्यातील भिंगही अशाच बारीक धाग्यांनी टांगलेलं असतं. धागे सैल पडले की भिंग जागेवरून सरकतं. निम्म्याहून अधिक रुग्णांत असं होतं. मग अंधुक दिसतं, एकाची दोन दिसतात. काहींना तरुणपणीच मोतीबिंदू किंवा काचबिंदू होतो. डोळ्याचा आतला पडदाही सुटू शकतो. डोळ्यापुढे वीज चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके एकदम वाढले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. उशीर झाला तर दृष्टी कायमची जाते. अशा मुलाला कुस्ती-कबड्डी खेळू देऊ नका.

होणाऱ्या मुलाचं काय?
नवरा-बायकोपैकी एकाला आजार असला, तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो वा मुलगी. पहिलं मूल निरोगी झालं, तरी दुसऱ्याच्या वेळी शक्यता तेवढीच. चारांपैकी एका रुग्णाच्या आई-बापांना तर आजार नसतोच. हा ग्रहणाचा किंवा नजरेचा दोष नव्हे. सुनेला बोल लावू नका.

पाळणा हलण्याआधी
हा आजार हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनीही फुगवतो. गरोदरपणात किंवा बाळंतपणात ती फाटली, तर आईच्या जिवावर बेततं. म्हणून आजार असलेल्या बाईनं दिवस राहण्याआधीच हृदयाची तपासणी, म्हणजे टूडी इको, करून घ्यावी. तोवर पाळणा लांबवा. कोणतं साधन चालेल, ते डॉक्टरांना दोघांनी मिळून विचारा.

आजार मुळापासून जात नाही. पण चष्मा, औषधं आणि वेळेवर शस्त्रक्रिया यांनी दृष्टी आणि जीव दोन्ही वाचवता येतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात आजच चौकशी करा.

आधी तपासणी, मग पाळणा!