घराचे वजन कोण उचलते?

घर बांधायचे म्हटले की आपल्या माणसाला दोनच माणसे आठवतात. एक गवंडी आणि दुसरा सेंट्रिंगवाला. आर्किटेक्ट म्हणजे शहरातल्या बंगलेवाल्यांचा माणूस, अशी आपली समजूत. पण आता बीड जिल्ह्यातल्या आपल्या वस्त्यांमधली पोरेपोरी आर्किटेक्चरला जाऊ लागली आहेत. कुणाचा बाप गवंडी, तर कुणाचे आईबाप सहा महिने कोयता घेऊन कारखान्याला. शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून घेण्याच्या निमित्ताने ही मुले आमच्याकडे येतात, आणि त्यांच्या तोंडून आम्ही पुन्हा पुन्हा एकच गोष्ट ऐकतो. "काका, डिझाइन जमतं, पण स्ट्रक्चर राहिलं."

राहिले म्हणजे नापास. हा विषय आहे तरी काय, हे समजून घ्यावे असे आम्ही ठरवले. आम्ही पडलो बी.कॉम. झालेले कारकून. जमाखर्चाच्या पलीकडे आमचे गणित जात नाही. म्हणून ओळखीच्या एका इंजिनिअरना गाठले. मूळचे आष्टी तालुक्यातले. छत्रपती संभाजीनगरला त्यांचे दोन खोल्यांचे ऑफिस आहे. इमारतींच्या कॉलम-बीमचे हिशेब करून देणे हा त्यांचा धंदा, आणि आठवड्यातून दोन दिवस ते तासिका तत्त्वावर आर्किटेक्चरच्या मुलांना हाच विषय शिकवतात. नाव छापायचे नाही, या अटीवर ते बोलले.

आर्किटेक्चरची पदवी ५ वर्षांची, १० सेमिस्टरची. त्यातल्या बऱ्याच सेमिस्टरना स्ट्रक्चरचा पेपर असतो. पण मुख्य मान डिझाइनला. स्ट्रक्चर शिकवायला बाहेरचा इंजिनिअर तासावर बोलवायचा, ही सर्रास पद्धत. तासाचे ठरलेले पैसे, सुट्टी लागली की तेही बंद. असा माणूस घाईत येतो, फळा सूत्रांनी भरतो आणि निघून जातो. मुले उतरवून घेतात. परीक्षेत आकडे बदलले की गाडी अडली.

आमचे इंजिनिअर मात्र पहिल्या तासाला सूत्र लिहीत नाहीत. ते विचारतात, माळवदाच्या घरात कोण झोपलेले आहे? सुरुवातीला कुणी हात वर करत नाही, लाजतात. मग एखादा खेड्यातला पोरगा हात वर करतो. त्याला पुढे बोलावून ते माळवदाचा हिशेब मांडायला लावतात. खोली १० बाय १२ फुटांची. लाकडाच्या पाटणीवर दीड फूट माती. म्हणजे माती झाली १८० घनफूट. कोरडी माती घनफुटाला साधारण ४५ किलो धरली, तर ८,१०० किलो, म्हणजे ८१ क्विंटल! पावसात भिजली की आणखी वाढली. उसाने भरलेली ट्रॉली डोक्यावर टांगून माणसे खाली झोपतात, असे समजा. त्याच खोलीवर ५ इंची काँक्रीटचा स्लॅब टाकला तर तो भरतो ३५ क्विंटलच्या आसपास. हा हिशेब आम्ही घरी येऊन पुन्हा करून पाहिला. बरोबर आला.

मग दुसरा प्रश्न. हे ८१ क्विंटल कोण उचलते? वासे तुळईला देतात, तुळई खांबाला, खांब जोत्याला, जोते जमिनीला. खांब नसले तर सगळे भिंतीच्या अंगावर. वरून जेवढे खाली आले तेवढेच जमिनीने उलटे रेटून वर दिले पाहिजे, तरच घर उभे. ऐकताना आम्हाला वाटले, हा तर आमचाच विषय, जमा आणि नावे दोन्हीकडची बेरीज जुळलीच पाहिजे. तसे बोललो तर ते हसून म्हणाले, "तुमचं नाही जुळलं तर साहेब ओरडतो. आमचं नाही जुळलं तर माणसं मरतात."

हे त्यांनी उगीच म्हटलेले नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या बीड जिल्ह्यानेही अनुभवली. शेजारच्या लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली आणि सुमारे ८ हजार माणसे गेली. गणपती विसर्जन करून लोक झोपलेले होते. भूकंप माणसाला क्वचितच मारतो, घर मारते. तिथल्या भिंती दगड-मातीच्या, दोन-अडीच फूट जाड. बघायला किल्ल्यासारख्या, पण बाहेरच्या आणि आतल्या अंगाला मोठे दगड आणि मध्ये नुसती भर. दोन्ही अंगांना धरून ठेवणारा आरपार दगड नाही. हादऱ्याने भिंत मधून फुगली आणि उकलली. काही घरांत लाकडी खांबांवर माळवद तसेच उभे राहिले, पण भिंती आत कोसळल्या. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत हा समज त्या रात्री खोटा ठरला. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. किल्लारीचा भाग त्या वेळी भूकंपाच्या सरकारी नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या झोनमध्ये होता! २००२ साली तो झोनच रद्द झाला आणि किल्लारी तिसऱ्या झोनमध्ये गेली.

आज वर्गात बसणारी मुले तेव्हा जन्मलीही नव्हती. त्यांना किल्लारी सांगावी लागते.

सूत्राआधी समज, ही रीत एकट्या आमच्या इंजिनिअरांची नाही. मारिओ साल्वादोरी नावाचे इटालियन इंजिनिअर फॅसिस्टांच्या राजवटीतून निघून अमेरिकेत गेले. ज्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ बाबासाहेब शिकले, तिथे साल्वादोरींनी १९४० पासून अनेक दशके शिकवले. एकीकडे इमारतींचे काम आणि दुसरीकडे आर्किटेक्टच्या मुलांना स्ट्रक्चर शिकवणे. १९६३ साली त्यांचे याच विषयावर पुस्तक आले, त्यात अवघड गणिताआधी साध्या भाषेत इमारतीचा स्वभाव समजावलेला आहे. आम्हाला जास्त भावले ते पुढचे. १९७५ पासून, वय सत्तरीकडे झुकलेले असताना, हा माणूस न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांमधल्या शाळांत जाऊन मुलांना पूल आणि इमारती कशा उभ्या राहतात ते शिकवू लागला. एवढ्या मोठ्या प्राध्यापकाला त्यात कमीपणा वाटला नाही.

आपल्याकडे साहित्याची वाण नाही. बीडच्या कंकालेश्वर मंदिरात दगडी खांब इतके जवळजवळ का, हे मुलांना विचारा. दगड दाबाला भक्कम, पण आडवा टाकला की वाकणे त्याला सोसत नाही, म्हणून तुळई आखूड आणि खांब दाट. अजिंठ्याच्या चैत्यगृहात छताला कमानीसारख्या फासळ्या आहेत, त्या काय उचलतात? काहीच नाही. त्या लाकडी बांधकामाच्या आठवणीने डोंगरात कोरलेल्या आहेत. सांचीचा स्तूप भरीव, नागपूरच्या दीक्षाभूमीचा आतून पोकळ. पोकळ घुमट खालच्या कडेला बाहेर पसरू बघतो, त्याला कड्यासारखे आवळून धरावे लागते. दरवर्षी लाखो लोक तिथे जातात, पण मान वर करून हा विचार किती जण करतात?

याचा वस्तीला उपयोग काय, असे कुणी विचारील. गेवराई तालुक्यातल्या एका वस्तीत वर्गणीतून विहाराचे काम चालले होते. तिसऱ्या वर्षाला शिकणारा गवंड्याचा मुलगा दिवाळीला घरी आलेला. पुढच्या गॅलरीचे लोखंड बांधून झाले होते, दुसऱ्या दिवशी काँक्रीट पडणार होते. त्याने पाहिले तर मुख्य गज खालच्या अंगाला. दोन भिंतींवर टेकलेला स्लॅब मध्ये खाली वाकतो, त्याची खालची बाजू ताणली जाते, म्हणून गज खाली. गॅलरीला पुढे आधारच नाही. ती शेंड्याला वाकते आणि वरची बाजू ताणली जाते. काँक्रीट ताणाला कच्चे, तेव्हा गज वरच हवेत. मिस्त्री म्हणाला, वीस वर्षे असेच करतो. पोराने डबा पुसायचा स्पंज आणला, दोन्ही बाजूंना पेनाने रेघा मारल्या, एक टोक विटेखाली दाबले आणि दुसरे टोक खाली वाकवले. वरच्या रेघा फाकल्या, खालच्या जवळ आल्या. त्याचा बापच पुढे झाला आणि मिस्त्रीला म्हणाला, "सोड तारा." रात्री बत्ती लावून गज वर घेतले आणि खाली चेअर दिल्या, म्हणजे माणसे चालली तरी जाळी दबणार नाही.

हा मुलगा स्ट्रक्चरमध्ये दोनदा राहिलेला आहे. हाताला जे कळते ते इंग्रजी पेपरात उतरत नाही, ही खरी गोम आहे. गवंड्याच्या पोराला वजन, ओळंबा आणि टेकू यांचे ज्ञान घरातून येते. पुस्तकात त्यालाच लोड, प्लंब, सपोर्ट म्हणतात, हे कुणीतरी शेजारी बसून सांगावे लागते. तासावर येणाऱ्या माणसाकडे तेवढा वेळ नसतो. आमच्या इंजिनिअरांनी यंदा रविवारी दोन तास मोफत द्यायचे कबूल केले आहे, मराठीतून. सूत्रे सुटणार नाहीत, ती करावीच लागतील, हेही त्यांनी बजावले आहे.

पालकांनी एवढे ध्यानात ठेवावे की आर्किटेक्चरला जायचे तर अकरावी-बारावीला गणित सोडून चालत नाही, आणि नाटासारखी प्रवेश परीक्षा वेगळी द्यावी लागते. चित्रकला चांगली म्हणून पाठवले आणि गणित नाही म्हणून परत आले, अशी दोन मुले आमच्या पाहण्यात आहेत. दहावीचा निकाल लागल्यावर, अकरावीचे विषय निवडायच्या आधी, मुलाला घेऊन एकदा विहारात या.