भूकंपाची नोंद मागताना

हैदराबादेतील अनेक मराठी कुटुंबांची मुळे मराठवाड्यात आहेत. किल्लारीचे नाव निघाले की त्या घरांतील ज्येष्ठ मंडळी अजूनही क्षणभर गप्प होतात. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाची रात्र सरत असताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांच्या सुमारास ती धरणी हादरली आणि दगडमातीच्या घरांखाली हजारो माणसे गाडली गेली.

अशाच एका परिचित घरातील मुलगा स्थापत्य अभियांत्रिकीचे उच्च शिक्षण घेत आहे. प्रबंधासाठी त्याने एका परदेशी संग्रहाकडून त्या भूकंपाच्या नोंदी मागविल्या. आल्या त्या जवळजवळ सपाट रेघा! आजींनी पडद्याकडे पाहून विचारले, ‘‘एवढं आक्रीत झालं त्या रात्री, आणि ह्यात काहीच कसं नाही रे?’’

चूक घड्याळाची होती. भूकंपशास्त्राचा सारा व्यवहार जागतिक प्रमाणवेळेने चालतो आणि ती आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे असते. त्या हिशेबाने किल्लारीचा भूकंप ३० तारखेचा नव्हे, तर २९ सप्टेंबरचा, रात्री २२ वाजून २५ मिनिटांचा. आपल्या नातवाने मागितला होता तो सकाळी नवाच्या पुढचा तास!

अशा नोंदींचे संग्रह आज जगाला बहुतांशी खुले आहेत. अमेरिकेत विद्यापीठांनी १९८४ साली स्थापन केलेल्या ‘आयरिस’ संस्थेचा सिॲटल येथील संग्रह फार मोठा. ही संस्था २०२३ पासून ‘अर्थस्कोप’ या नावाने चालते. फ्रान्सच्या ‘जिओस्कोप’ जाळ्यातील एक केंद्र १९८९ पासून आमच्याच हैदराबादेत, राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेत आहे. मागणी करताना केंद्राचे संकेताक्षर द्यावे लागते (हैदराबादचे ‘एचवायबी’), कोणत्या दिशेचे कंपन हवे ते सांगावे लागते, आरंभ व शेवट यांच्या वेळा द्याव्या लागतात आणि त्या काळात केंद्र चालू होते की नाही, हेही आधी पाहावे लागते. नोंदीबरोबर यंत्राची संवेदनक्षमता सांगणारी माहिती न विसरता मागावी. वजने ठाऊक नसलेल्या तराजूने तोललेले धान्य किती, हे कोण सांगणार? ह्या माहितीवाचून आलेले आकडे तसेच मुके राहतात.

जी नोंद खुली नसते, तिच्यासाठी संस्थाप्रमुखांच्या सहीचे पत्र लागते. उपयोग कशासाठी, हे त्यात स्पष्ट लिहावे. नोंद परस्पर दुसऱ्यास देऊ नये, आणि लेख प्रसिद्ध झाल्यावर नोंद देणाऱ्याचा उल्लेख करावा. हा निव्वळ शिष्टाचार नव्हे. यंत्र सांभाळणाऱ्या माणसाच्या पदरी श्रेय पडते ते एवढेच.

जुन्या नोंदींची कथा वेगळी. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिल्नचे भूकंपमापक बसले. पुढे कित्येक दशके जगभर काजळी धरलेल्या किंवा छायाचित्राच्या कागदावर सुई व प्रकाश यांनी रेघा उमटविल्या. ते कागद ठिसूळ होतात, त्यांना वाळवी लागते. ते मागणाऱ्याला प्रत मिळाली, तरी रेघेचा बिंदू न् बिंदू मोजून तिचे आकडे करण्याचे काम उरतेच.

परंतु अशा एका कागदाचे मोल किती असते, हे कोयनेने दाखविले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर हादरले, तेव्हा धरणाच्या पोटातील गॅलरीत एक त्वरणमापक बसविलेले होते. ह्या यंत्राची जात निराळी. दूरच्या केंद्रांवरील नाजूक यंत्रे भूकंप कोठे, किती खोल व केवढा झाला ते सांगतात. त्वरणमापक मात्र जोराच्या धक्क्याचीच वाट पाहत बसतो आणि जागेवरील जमीन नेमकी कशी हलली ते टिपतो. त्या पहाटे त्याने गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट त्वरण टिपले. धरणाला भेगा पडल्या, पण ते उभे राहिले. १९७३ साली अनिल चोप्रा व चक्रवर्ती यांनी ह्या धरणाच्या हानीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हापासून काँक्रीटच्या धरणांचे गणित पडताळून पाहण्यासाठी देशोदेशीचे अभियंते कोयनेची ही नोंद वापरीत आले आहेत.

किल्लारीच्या परिसरात मुख्य धक्क्याच्या वेळी असे यंत्र नव्हते. त्या घरांखालची जमीन कशी हलली, हे आता कोणत्याही संग्रहाला पत्र लिहून कळणार नाही. त्या मुलाला दूरच्या नोंदींवरून आणि पडलेल्या घरांच्या वर्णनांवरून अंदाजच बांधावा लागणार आहे.

त्याने दुसरे मागणीपत्र लिहिले, तेव्हा आम्ही शेजारीच बसलो होतो. २९ सप्टेंबर, २२ वाजून २० मिनिटांपासून पुढे एक तास. नोंदी आल्या त्या संध्याकाळी. ह्या वेळी रेघ काही काळ सरळ चालली आणि मग एकाएकी वर-खाली उसळली. आजींनी चष्मा पुसला, ती रेघ शेवटपर्यंत पाहिली, आणि देवापाशी दिवा लावायला त्या आत गेल्या.