अंजदीव : झऱ्यांच्या मातेचे बेट

बीड जिल्ह्यातील आमच्या वाचकांना पाण्याने वेढलेले देवस्थान म्हटले की बीडचे कंकालेश्वराचे मंदिर आठवते. समुद्र येथून फार दूर असल्यामुळे बेट आणि बंदर हे विषय आपल्या बोलण्यात सहसा येत नाहीत. तथापि पश्चिम किनाऱ्यावरील अंजदीव या लहानशा बेटाचा इतिहास भारतातील ख्रिस्तसभेच्या आणि मराठ्यांच्याही इतिहासाशी इतका निगडित आहे की, त्याची ओळख करून देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कारवारच्या किनाऱ्यासमोर असलेल्या या बेटाचे क्षेत्रफळ जेमतेम दीड चौरस किलोमीटर आहे. भूगोलाने ते कर्नाटकास जवळचे. परंतु प्रशासनाने गोव्याचे, काणकोण तालुक्यातील. एवढ्याशा भूमीसाठी परदेशी आरमारे येथे का थांबत असत? त्याचे उत्तर गोड्या पाण्यात आहे. येथील चर्च ‘ब्रोतासच्या मातेचे’ म्हणून ओळखले जाते आणि ‘ब्रोतास’ या पोर्तुगीज शब्दाचा अर्थ झरे असाच आहे. पोर्तुगीज येण्यापूर्वी बेटावर आर्यादुर्गा देवीचे स्थान होते व ती देवी पुढे अंकोल्याकडे नेण्यात आली, असे परंपरा सांगते. बेटाचे नावही याच देवीवरून पडले असे मानतात. ख्रिस्ती लेखनात हा भाग पुष्कळदा गाळला जातो. तो गाळू नये असे आमचे मत आहे.

१४९८ साली परतीच्या प्रवासात वास्को द गामा येथे थांबला. १५०० साली काब्रालच्या आरमाराबरोबर आलेले फ्रान्सिस्कन धर्मगुरूही या बेटावर उतरले. १५०५ साली पहिला व्हाइसरॉय आल्मेदा याने येथे किल्ला बांधण्यास आरंभ केला. परंतु तो राखणे जड जाऊ लागल्याने दुसऱ्याच वर्षी पाडून टाकण्यात आला.

या बेटाच्या इतिहासातील सर्वांत करुण प्रकरण मुंबईशी संबंधित आहे. १६६१ च्या विवाह-करारान्वये मुंबई इंग्लंडच्या राजास मिळाली. ती ताब्यात घेण्यासाठी सर अब्राहम शिपमन सुमारे चारशे सैनिकांसह १६६२ साली आला. परंतु पोर्तुगीज व्हाइसरॉयने मुंबई देण्याचे नाकारले. सैनिकांना अन्यत्र आश्रय मिळेना, म्हणून ते अंजदीववर उतरले. पावसाळे, ताप आणि उपासमार यांनी त्यांना गाठले. १६६४ साली स्वतः शिपमनही तेथेच मरण पावला. १६६५ च्या फेब्रुवारीत मुंबईचा ताबा मिळाला, तेव्हा शंभराच्या आसपासच माणसे उरली होती. आजच्या महानगराच्या ब्रिटिश पर्वाची पहिली किंमत या बेटाने मोजून घेतली, असेच म्हणावे लागेल.

१६८२ साली छत्रपती संभाजी महाराजांचा हे बेट घेऊन तेथे तटबंदी उभारण्याचा विचार होता. त्याची कुणकुण लागताच पोर्तुगिजांनी घाईने बेट व्यापले आणि नवा किल्ला बांधला. पुढे शिक्षा झालेल्या लोकांना ठेवण्यासाठीही या बेटाचा उपयोग करण्यात आला.

१९६१ च्या नोव्हेंबर महिन्यात जवळून जाणाऱ्या ‘साबरमती’ या भारतीय जहाजावर बेटावरून गोळीबार झाला आणि गोवामुक्तीच्या घटनांना वेग आला. १८ डिसेंबर रोजी भारतीय नौदलाची तुकडी बेटावर उतरली. त्या कारवाईत नौदलाच्या सात जवानांना वीरमरण आले.

त्यानंतर ‘सीबर्ड’ प्रकल्पाखाली कारवारचा नौदल तळ उभा राहिला. २००५ साली ‘आय.एन.एस. कदंब’ कार्यान्वित झाले आणि लाटरोधक बांधामुळे बेट मुख्य भूमीस जोडले गेले. मोकळ्या समुद्रातील बेट अशा रीतीने बंदराचाच एक भाग बनले. पूर्वी २ फेब्रुवारीस ब्रोतासच्या मातेचा व ४ ऑक्टोबरला असिसीकर संत फ्रान्सिस यांचा सण साजरा करण्यासाठी भाविक होड्यांनी तेथे जात असत. सुरक्षेच्या कारणास्तव ही यात्रा बंद पडली.

देशाच्या सुरक्षेचे कारण खोटे नाही, हे मान्य करावयास हवे. बंदीमुळे बेटावर हॉटेले उठली नाहीत, हाही एक लाभच. परंतु किनाऱ्यावरील जुनी बांधकामे जांभा दगड व चुन्याची असतात. एक कौल फुटले की पावसाचे पाणी भिंतीत मुरते, चुना सुटतो, आणि त्या भेगेत पिंपळ रुजला की त्याची मुळे चिरे वेगळे करतात. सणापूर्वी गावकऱ्यांनी केलेली कौलांची दुरुस्ती व सफेदी ही भक्तीबरोबरच वास्तूची वार्षिक निगाही असते. वसईच्या किल्ल्यातील कित्येक चर्चची छपरे गेली. मात्र जेथे उपासना चालू राहिली, तेथे वास्तूही उभी राहिली.

म्हणून चर्च, किल्ला आणि कबरी यांची मोजमापे व छायाचित्रांसह संपूर्ण नोंद नौदल, पुरातत्त्व खाते आणि गोव्याची ख्रिस्तसभा यांनी एकत्रितपणे करावी, असे आम्हांस वाटते. आर्यादुर्गेच्या स्थानाचाही त्यात समावेश असावा. तसेच वर्षातून दोन दिवस, ओळखपत्रे तपासून, नौदलाच्याच देखरेखीखाली मोजक्या भाविकांना मिस्सासाठी नेण्याचा विचार व्हावा. आता त्यासाठी होडीचीही गरज उरलेली नाही.