शार्दने मागवण्याआधी

परदेशी वाइनवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरतंय. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार २९ डिसेंबर २०२२ला लागू झाला, तेव्हा पाच ते पंधरा डॉलरच्या बाटलीवरचं शुल्क १५० टक्क्यांवरून १०० वर आलं. दहा वर्षांत ते ५० वर यायचं आहे. दुकानांत परदेशी शार्दनेची गर्दी वाढेल आणि गिऱ्हाईक नावावर पैसे मोजेल. तसे ते मोजावेत का?

शार्दनेची कीर्ती मोठी, पण या द्राक्षाचा स्वतःचा वास बेताचाच. तिची म्हणून जी चव ओळखली जाते, ती बरीचशी वायनरीत घडते. व्हॅनिला येतो ओकच्या पिंपातून. लोण्याचा वास देतात आंबटपणा सौम्य करणारे जिवाणू. फ्रान्समधल्या शाब्लीत हीच शार्दने बहुतेकदा नव्या पिंपाविना बनते आणि लिंबासारखी धारदार लागते. मग लेबलवरच्या नुसत्या नावाने कळणार काय?

सॉविन्यों ब्लां असा लपंडाव खेळत नाही. ढोबळी मिरचीला तिचा हिरवट वास देणारी पायराझिन गटातली द्रव्यं या द्राक्षातही असतात. थंड हवेत ती टिकतात. न्यूझीलंडच्या मार्लबरोचं नाव झालं ते त्यामुळेच. ऊन वाढलं, की हा वास ओसरतो.

नाशिकची अडचण नेमकी उन्हाची. इथे वेल हिवाळ्यात झोपत नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा सरतानाची गोडी छाटणी यांनीच तिचं वर्ष ठरतं. काढणी जानेवारी ते मार्चमध्ये, ऊन चढत असताना. साखर भराभर वाढते, आंबटपणा घटतो आणि तो गेला की पांढरी वाइन मिळमिळीत होते. शेनिन ब्लां इथे कामाला येते. मूळची ती फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातली, पण उन्हातही आंबटपणा धरून ठेवते. तिची जगातली सर्वांत मोठी लागवड दक्षिण आफ्रिकेत आहे, ती उगाच नव्हे. ‘ओरॅकल’मधली नोकरी सोडून परतलेल्या राजीव सामंत यांनी कॅलिफोर्नियाचे वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की यांना हाताशी धरून नाशकात ज्या जाती आधी लावल्या, त्यांत शेनिन आणि सॉविन्यों होत्या. त्यांच्या ‘सुला’ वायनरीची पहिली वाइन २०००मध्ये आली. ती निवड किती शहाणपणाची होती, हे आज नाशिकच्या बाटल्याच सांगतात.

आपल्या जेवणालाही याच दोन जाती मानवतात. तिखटाबरोबर ओकची शार्दने जड आणि कडवट वाटते. नाशिकच्या बऱ्याच शेनिनमध्ये राखलेला किंचित गोडवा मात्र तिखटाची धार बोथट करतो. तळलेल्या सुरमईला सॉविन्यों उत्तम, रश्श्याला शेनिन.

बाटली घेताना लेबलवरचं वर्ष बघा. रोजच्या पांढऱ्या वाइन मुरवायच्या नसतात, ताज्या प्यायच्या असतात. शार्दनेच हवी असेल, तर पिंपातली की बिनपिंपाची, हे दुकानदाराला विचारा. त्याला सांगता आलं नाही, तर बिनधास्त नाशिकची शेनिन घ्या.