चांगली बर्बन ओळखायची कशी?

केंटकी राज्याची लोकसंख्या साधारण ४५ लाख आहे आणि इथल्या गोदामांत मुरत पडलेल्या बर्बनच्या पिंपांची संख्या १ कोटीच्या वर. मी मूळची नाशिकची. आता या राज्यातल्या लुईव्हिल शहरात राहते आणि एका इस्पितळात फार्मासिस्ट म्हणून काम करते. इथल्या दारूच्या दुकानात बर्बनसाठी एक अख्खी भिंत असते. सगळ्या बाटल्या मक्याच्याच दारूच्या, रंग थोड्याफार फरकाने सारखाच, किमती मात्र वीस डॉलरच्या आतून सुरू होऊन शेकड्यांत जातात. गावाकडून आलेला पाहुणा त्या भिंतीसमोर उभा राहतो आणि विचारतो, "यातली चांगली कुठली?"

याचं उत्तर किमतीत नाही. निम्मं उत्तर लेबलावर असतं आणि उरलेलं आपल्या नाकाजिभेला शोधता येतं. महाग ते चांगलं आणि जुनं ते चांगलं, ही दोन्ही विधानं बर्बनच्या बाबतीत वारंवार खोटी ठरतात. म्हणून अधूनमधून घोटभर घेणाऱ्या साध्या माणसालाही इथे निवड करण्याचा पूर्ण अधिकार आहे, असं माझं ठाम मत आहे.

आधी कायदा बघू, कारण बर्बन ही कायद्याने बांधलेली व्हिस्की आहे. तिच्या धान्यात किमान ५१ टक्के मका हवा. ती अमेरिकेतच बनलेली हवी. केंटकीतच असं मात्र नाही. भट्टीतून निघताना मद्यार्क ८० टक्क्यांहून जास्त नको, पिंपात भरताना ६२.५ टक्क्यांहून जास्त नको आणि बाटलीत ४० टक्क्यांहून कमी नको. पिंप ओकच्या लाकडाचं, आतून जाळून कोळसा केलेलं आणि कोरं करकरीत हवं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वरून रंग घालायचा नाही आणि स्वादही घालायचा नाही. १९६४ साली अमेरिकी काँग्रेसने ठराव करून बर्बनला अमेरिकेचं स्वतःचं खास पेय म्हणून मान्यता दिली. जॅक डॅनियल्सबद्दल लोक हटकून विचारतात. ती टेनेसी राज्यातली. पिंपात भरण्याआधी ती मेपलच्या कोळशातून गाळून घेतात आणि बर्बन न म्हणता टेनेसी व्हिस्की म्हणून विकतात.

आपल्याकडे बऱ्याच व्हिस्क्यांमध्ये उसाच्या मळीपासून काढलेलं कोरं स्पिरिट मिसळलेलं असतं. स्कॉचमध्येही कॅरॅमलचा रंग घालायला परवानगी आहे. बर्बनच्या बाटलीत जो तांबूस रंग दिसतो, तो सगळा लाकडातून आलेला असतो. वीस डॉलरच्या बाटलीतही आणि दोनशेच्याही.

हा कडकपणा सुखासुखी आलेला नाही. एकोणिसाव्या शतकात कोऱ्या स्पिरिटमध्ये रंग आणि फळांचे अर्क घालून ते जुनी व्हिस्की म्हणून सर्रास खपवलं जाई. तेव्हा व्हिस्की हे डॉक्टरांच्या बॅगेतलं औषधही होतं, त्यामुळे भेसळ झाली की भोगायचं रोग्याने. लुईव्हिलमधल्या जॉर्ज गार्विन ब्राउन या औषधविक्रेत्याने १८७० साली ओल्ड फॉरेस्टर नावाची बर्बन फक्त मोहोरबंद बाटलीतूनच विकायला सुरुवात केली. दुकानदाराने पिंपातून काढून दिलेल्या मालाची खात्री देता येत नाही, बंद बाटलीची देता येते, हा साधा विचार. माझ्याच पेशातल्या माणसाने, माझ्याच गावात हे केलं याचा मला फार अभिमान वाटतो. पुढे १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळातही डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली की औषधाच्या दुकानात व्हिस्की मिळत असे, आणि ती विकायचा परवाना मिळालेल्या मोजक्या कंपन्यांत ओल्ड फॉरेस्टरची कंपनी होती.

१८९७ साली 'बॉटल्ड इन बाँड' कायदा झाला. लेबलावर हे तीन शब्द असतील तर चार गोष्टींची हमी मिळते : दारू एकाच भट्टीतली आहे, एकाच हंगामातली आहे, सरकारी देखरेखीखालच्या गोदामात किमान ४ वर्षं मुरलेली आहे आणि बाटलीत नेमका ५० टक्के मद्यार्क आहे. अन्न आणि औषधांच्या शुद्धतेचा अमेरिकेतला मोठा कायदा १९०६ चा. व्हिस्कीला त्याच्या ९ वर्षं आधीच संरक्षण मिळालं होतं.

'स्ट्रेट' या शब्दालाही वजन आहे : किमान २ वर्षं मुरलेली आणि ४ वर्षांहून तरुण असेल तर वय छापणं सक्तीचं. 'स्मॉल बॅच'ला मात्र कायद्यात कसलीच व्याख्या नाही. चार पिंपांचं मिश्रणही स्मॉल बॅच आणि चारशेचंही. मागच्या बाजूची बारीक अक्षरं जरूर वाचा. 'डिस्टिल्ड बाय' आणि 'बॉटल्ड बाय' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सुंदर नावाच्या, जुन्या वळणाच्या लेबलाच्या कितीतरी बाटल्यांतली दारू इंडियाना राज्यातल्या एका मोठ्या कारखान्यातून विकत घेतलेली असते. ती वाईट असते असं नाही, उत्तमही असते. पण पणजोबांच्या पाककृतीची गोष्ट वाचून जास्तीचे वीस डॉलर मोजण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

आता चव येते कुठून? धान्यातून, यीस्टमधून आणि सगळ्यात जास्त पिंपातून. ओकचं लाकूड तापलं की त्यातल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन तयार होतं, म्हणजे व्हॅनिलाच्या वासाचा तोच रेणू. लाकडातली दुसरी संयुगं फुटून साखरा होतात आणि करपतात. त्यातून कॅरॅमलचा, काकवीचा वास येतो. वरचा कोळशाचा थर गंधकाचे उग्र वास शोषून घेतो. केंटकीचा उन्हाळा कडक, थंडी गोठवणारी. उन्हाळ्यात दारू लाकडात शिरते, थंडीत परत बाहेर येते. गोदामाच्या वरच्या मजल्यावर पत्र्याखाली उष्णता जास्त, तिथलं पिंप लवकर तयार होतं, तळमजल्यावरचं सावकाश. एकाच दिवशी भरलेली दोन पिंपं म्हणूनच एकसारखी निघत नाहीत. दर वर्षी थोडी दारू लाकडातून उडून जाते, तिला इथे देवदूतांचा वाटा म्हणतात. कोऱ्या पिंपात पंधरा-वीस वर्षं ठेवलेली बर्बन अनेकदा लाकडाने कडवट होते. मला स्वतःला ६ ते १० वर्षांच्या दरम्यानची सर्वात आवडते. त्यापलीकडच्या बाटल्यांचे पैसे द्यावेत असं मला क्वचितच वाटलं.

तुलना करायची तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशाळेतला नियम इथेही पाळावा. पहिली जोडी धान्याची. बहुतेक बर्बनमध्ये मक्यानंतरचं धान्य राय असतं. राय म्हणजे मोहरी नव्हे, गव्हाच्या कुळातलं थंड प्रदेशातलं धान्य. ते तिखटपणा आणतं. मेकर्स मार्कमध्ये त्याऐवजी गहू असतो : ७० टक्के मका, १६ टक्के गहू, १४ टक्के मोड आणलेली बार्ली. फोर रोझेसच्या एका मिश्रणात तब्बल ३५ टक्के राय असते, दुसऱ्यात २० टक्के. त्यांना पाच यीस्टची जोड देऊन ते दहा वेगवेगळ्या पाककृती करतात. मेकर्स मार्क आणि फोर रोझेस स्मॉल बॅच, दोन्ही ४५ टक्क्यांच्या. म्हणजे तीव्रता सारखी, धान्य वेगळं. शेजारी शेजारी ठेवून वास घेतला की पहिलीत गूळ आणि गव्हाची पोळी भाजल्याचा गोड वास, दुसरीत जायफळ, मिरी आणि पिकलेलं फळ. ज्याने आयुष्यात बर्बन घेतलेली नाही त्यालाही हा फरक कळतो.

दुसरी जोडी तीव्रतेची. ओल्ड फॉरेस्टर ४३ टक्क्यांची मिळते आणि ५० टक्क्यांचीही. दोन्हींत ७२ टक्के मका, १८ टक्के राय, १० टक्के बार्ली. ५० टक्क्यांच्या ३० मिलीमध्ये ५ मिली पाणी घातलं की हिशेबाने ती ४३ च्या जवळ येते. तरी माझ्या जिभेला ती जास्त भरलेली लागते. लोक हे किती मनावर घेतात याचं उदाहरण २०१३ मधलं. मेकर्स मार्कने माल पुरेना म्हणून मद्यार्क ४५ वरून ४२ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं. गिऱ्हाइकांचा इतका संताप उसळला की काही दिवसांतच कंपनीने निर्णय मागे घेतला.

पद्धत सांगते. खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं १५ मिलीचं मापटं घ्यावं. एकसारखे तीन ग्लास, प्रत्येकी १५ मिली, ग्लासाच्या तळाला खालून क्रमांक लिहिलेला आणि ओतणारा माणूस वेगळा. कुठला ग्लास कशाचा हे पिणाऱ्याला कळता कामा नये. लेबल दिसलं की जीभ खरं बोलत नाही. नाक ग्लासात खुपसू नये, ओठ किंचित उघडे ठेवून दुरूनच वास घ्यावा. आधी कमी तीव्रतेची, मग जास्तीची. मध्ये पाणी आणि बिनमिठाचे कुरमुरे. शेव-चिवडा नंतर. मग मोजून चार-पाच थेंब पाणी घालावं आणि पुन्हा वास घ्यावा. बंद असलेले वास मोकळे होतात. वहीत आपल्या ओळखीचेच वास लिहावेत : चिक्की, काकवी, सुकं खोबरं, लवंग, भाजलेलं कणीस.

तीन ग्लास मिळून ४५ मिली होतात. अमेरिकेत एक प्रमाणित ड्रिंक म्हणजे १४ ग्रॅम मद्यार्क, ४० टक्क्यांच्या दारूचे सुमारे ४४ मिली. म्हणजे तीन ग्लासांत त्या दिवसाचं घेणं झालं, तिथे थांबावं. झोपेच्या गोळ्या, मधुमेहाची औषधं, मेट्रोनिडॅझोलसारखं प्रतिजैविक चालू असेल तर या खेळात बसूच नये. हे मी काउंटरवर जितक्या गांभीर्याने सांगते तितक्याच गांभीर्याने इथे लिहिते आहे.

माझे बाबा इथे आले तेव्हा त्यांच्यासमोर असेच तीन ग्लास ठेवले. आयुष्यभर सोडा घालून घेणारा माणूस. त्यांनी चष्मा काढला, तिन्ही ग्लास बराच वेळ हुंगले आणि म्हणाले, "अगं, या दोन नंबरात काकवी आहे. गुऱ्हाळावरची." दोन नंबर म्हणजे एव्हन विल्यम्सची पांढऱ्या लेबलाची, बॉटल्ड इन बाँड, वीस डॉलरच्या आसपासची बाटली. तिसऱ्या ग्लासात तिच्या चौपट किमतीची, नवऱ्याला भेट मिळालेली बर्बन होती. ती बाबांनी बाजूला सारली, "लाकूड फार आहे गं हिच्यात." दुसऱ्या दिवशी क्रमांक बदलून ग्लास ठेवले, तरी त्यांनी काकवीचाच उचलला.

दुर्मीळ बाटल्यांच्या नादाला लागलेले लोक बघून मला वाईट वाटतं. केंटकीतल्याच फ्रँकफर्टच्या बफेलो ट्रेस कारखान्यात बनणारी पॅपी व्हॅन विंकल छापील किमतीच्या कितीतरी पटींनी, हजारो डॉलरला विकली जाते. ती घेणारे अनेकजण बाटली उघडतच नाहीत. त्याच कारखान्यात, गहू घालूनच वेलर नावाची बर्बन होते. पॅपीची चर्चा वाढली तशी तीही सहज मिळेनाशी झाली. प्यायच्या वस्तूचं असं सोन्याचं बिस्कीट होणं मला पटत नाही. ज्या बाटल्या भिंतीवर रोज मिळतात त्यांतच खरी निवड आहे.

भारतात फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्बनवरचं आयातशुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्के झालं. तरीही मुंबई-पुण्यात बाटली महागच पडते. म्हणून एकट्याने घेण्यापेक्षा तिघा-चौघांनी मिळून दोन वेगळ्या बाटल्या घ्याव्यात आणि तुलना करावी. महाराष्ट्रात अशा कडक दारूसाठी वयाची २५ वर्षं पूर्ण हवीत आणि परवानाही लागतो, हे विसरू नये.

आणखी एक तुलना आपल्याकडेच करता येते. बर्बनला दर वेळी कोरं पिंप लागत असल्यामुळे एकदा वापरलेली पिंपं जगभर विकली जातात. बहुतांश स्कॉच त्यांतच मुरते आणि गोव्यातली पॉल जॉन सिंगल माल्टही. ती मोड आणलेल्या भारतीय बार्लीची, गोव्याच्या उष्ण, दमट हवेत वाढलेली. इथल्यापेक्षा तिथे दारू पिंपातून खूपच वेगाने उडून जाते. मेकर्स मार्कचा एक ग्लास आणि पॉल जॉनचा एक शेजारी ठेवा. धान्य वेगळं, हवा वेगळी, तरी व्हॅनिलाचा वास दोन्हींत सापडेल.

एकच बाटली सुचवायची तर अमेरिकेत राहणाऱ्यांना मी एव्हन विल्यम्स बॉटल्ड इन बाँड सांगेन आणि भारतात राहणाऱ्यांना मेकर्स मार्क. पहिला घोट कोरा घ्या, दुसऱ्यात चार थेंब पाणी घाला, आणि सोडा त्या दिवशी उघडू नका.