एलिंग्टन यांचा वाद्यवृंद पन्नास वर्षे कसा टिकला?

मोठा वाद्यवृंद चालवणे हा तसा आतबट्ट्याचा व्यवहार. पंधरा-सोळा वादकांचे पगार, प्रवास आणि मुक्कामाचा खर्च चुकत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील नृत्यगृहांची गर्दी ओसरली, श्रोत्यांचा कल गायकांकडे वळला आणि जॅझचे अनेक मोठे ताफे मोडले. वुडी हर्मन यांनी १९४६ मध्ये आपला वाद्यवृंद विसर्जित केला. काउंट बेसी यांना १९५० मध्ये मोजक्या वादकांवर भागवावे लागले. ड्यूक एलिंग्टन यांचा वाद्यवृंद मात्र १९७४ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत वाजत राहिला.

यामागचे पहिले कारण त्यांच्या रचनापद्धतीत आहे. वॉशिंग्टनमध्ये जन्मलेले एलिंग्टन १९२३ मध्ये न्यूयॉर्कला आले. १९२७ च्या डिसेंबरमध्ये त्यांना हार्लेममधील कॉटन क्लबमध्ये काम मिळाले. रंगमंचावर कृष्णवर्णीय कलावंत आणि समोर केवळ गोरे प्रेक्षक, अशी तेथील रीत होती. तेथून होणाऱ्या रेडिओ प्रक्षेपणामुळे त्यांचे नाव देशभर पोहोचले. याच काळात त्यांची शैली घडली. ते वाद्यासाठी नव्हे, तर वादकासाठी लिहीत. बबर मायली यांच्या ट्रम्पेटचा गुरगुरता स्वर, जॉनी हॉजेस यांच्या सॅक्सोफोनवरील मुलायम मींड, हॅरी कार्नी यांचा भरदार खर्ज, यांतूनच त्यांच्या रचना आकाराला येत. कार्नी १९२७ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी दाखल झाले आणि ४७ वर्षे तेथेच राहिले.

दुसरे कारण पैशाचे. १९५१ मध्ये हॉजेस यांच्यासह तीन आधारस्तंभ एकाच वेळी बाहेर पडले आणि पुढील काही वर्षे ओढगस्तीची गेली. तेव्हा एलिंग्टन यांनी आपल्या लोकप्रिय गीतांच्या रॉयल्टीतून पदरमोड करून वाद्यवृंद सांभाळला. लिहिलेले संगीत लगेच कानांनी ऐकता यावे, हे त्यांच्या लेखी नफ्यापेक्षा मोलाचे होते.

या चिकाटीचे फळ ७ जुलै १९५६ रोजी न्यूपोर्ट महोत्सवात मिळाले. पॉल गोन्साल्विस यांनी सॅक्सोफोनवर सलग २७ आवर्तने वाजवली. श्रोते खुर्च्या सोडून नाचू लागले. हॉजेस त्याआधीच परतले होते. पुढे १९६३ मध्ये अमेरिकी सरकारच्या दौऱ्यात हा वाद्यवृंद मुंबईसह भारतातील अनेक शहरांत वाजला. त्या प्रवासाच्या आठवणींतून एलिंग्टन आणि त्यांचे सहकारी बिली स्ट्रेहॉर्न यांनी ‘फार ईस्ट सूट’ रचला.

२४ मे १९७४ रोजी एलिंग्टन गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कार्नी यांचेही निधन झाले. पुत्र मर्सर यांनी १९९६ पर्यंत वाद्यवृंद पुढे चालवला. नाव राहिले, स्वरलिपी राहिली. पण ती ज्यांच्यासाठी लिहिली गेली, ती माणसे राहिली नव्हती.