गाणारीचं नाव

लातूर जिल्ह्याची दक्षिणेकडची हद्द ओलांडून थोडं पुढे गेलं की बसवकल्याण लागतं. आज ते बिदर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे. बाराव्या शतकात ती चालुक्यांची राजधानी कल्याणी होती. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. हत्ती कसे धरावेत इथपासून मांस कसं शिजवावं इथपर्यंत, राजाला ठाऊक असावं असं बरंच काही त्यात आहे. गाण्याबद्दल लिहिताना तो सहज सांगून जातो की महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. राजाच्या कानावर ओवी पडली कुठे? वाड्याच्या कोठारात पहाटे कांडणाऱ्या बायका असणारच. तिथूनच ऐकली असावी, असा माझा तर्क. पुढच्या शतकात देवगिरीच्या यादवांकडे राहून शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, त्यातही ओवीला जागा मिळाली. म्हणजे गाण्याबद्दल लिहिणाऱ्या दोन मोठ्या ग्रंथांनी, दोन्ही आपल्याच मुलखातल्या किंवा शिवेवरच्या, या गाण्याची दखल घेतली. गाणारी कोण, हे मात्र दोघांनीही लिहिलं नाही.

त्या काळच्या पंडितांकडून ती अपेक्षा धरणं वेडेपणाचं. खटकतं ते हे की त्यानंतरची साडेआठशे वर्षंही फारसं वेगळं घडलं नाही.

ठळक अपवाद आहेत. तेराव्या शतकात महदंबेने रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या लीळेसाठी धवळे गायले. लग्नातलं बायकांचं गाणं तिने हाती घेतलं आणि मराठीची पहिली कवयित्री ठरली. गोदाकाठच्या गंगाखेडची जनाबाई तर जात्यापासून वेगळी काढताच येत नाही. विठ्ठल तिला दळू लागतो ही कथा मराठवाड्यात पोराटोरांना ठाऊक असते. पण या दोघींची नावं टिकली, कारण एकीच्या मागे पोथ्या जपणारा महानुभाव पंथ होता आणि दुसरीच्या मागे वारकऱ्यांची दिंडी. जिच्या मागे पंथ नव्हता, तिची ओवी राहिली आणि नाव पिठासारखं उडून गेलं.

आधी या गाण्याची कारागिरी बघू. जातं म्हणजे दोन तळ्या. खालची बसलेली, वरची फिरणारी. मधे खुंटी, कडेला लाकडी खुंटा. दोघी समोरासमोर बसतात, एक पाय लांब, एक दुमडलेला. दोघींचा एकेक हात खुंट्यावर, आणि एकीचा मोकळा हात मूठमूठ वैरण घालतो. घास फार झाला तर पीठ भरड येतं, कमी झाला तर दगडावर दगड घासतो. तळ्या गुळगुळीत झाल्या की पाथरवटाकडून टाकी लावून घ्यायची. मराठवाड्यात हे काम रोजचं होतं, त्यालाही कारण आहे. ज्वारीचं पीठ ठेवलं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना फाटते. त्यामुळे आजच्या भाकरीचं आज दळायचं, तेही उजाडायच्या आत, कारण उजाडल्यावर शेतात जायचं असे.

गाण्याचा ताल हे जातं देतं. तबला नाही, टाळ नाही. फेऱ्याची गती वैरणीवर आणि दमावर ठरते. एक बाई ओळ उचलते, दुसरी ती धरते, पुन्हा म्हणते, आणि तेवढ्यात पहिलीला पुढची ओळ सुचते. कागदावर ओवी दोन ओळींची दिसते. गाताना ती अर्ध्या ओळीवर थांबते, मागे वळते, मधे ‘बाई’, ‘गं’, ‘सये’ येतात, शेवटचे शब्द पुन्हा सुरुवातीला जाऊन बसतात. दोन ओळींच्या सहा-सात होतात. स्वर मोजकेच, चार-पाच. पण त्या चार-पाचांत दोन सुरांच्या मधल्या ज्या जागा घेतल्या जातात, त्या पेटीच्या पट्ट्यांत सापडत नाहीत. बायका चालीला ‘गळा’ म्हणतात. अमकीचा गळा, माहेरचा गळा.

माहेरचा गळा म्हणतात त्यात सगळा प्रवास आला. बाप्ये गावातच राहतात, बायका लग्न होऊन गाव बदलतात, आणि शिकलेली चाल बरोबर नेतात. एकाच आळीत कंधारची, अहमदपूरची, निलंग्याची सून असली तर तीन गळे एका जात्याभोवती भेटतात. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू कानावर असते, उदगीर-निलंग्याकडे कानडी. कानडीतही जात्यावरची गाणी आहेत, बहुतेक त्रिपदी छंदातली. कुणी कुणाकडून काय घेतलं याचा हिशेब विद्वान मांडत राहतील. गाणाऱ्यांनी तो कधी ठेवला नाही.

आणि हे श्रोत्यांसाठीचं गाणं नव्हतं. घर निजलेलं, सासू भिंतीपल्याड, आणि घरघर आवाजाचा आडोसा. त्या आडोशाला बाईने काय काय सांगितलं! भाऊ न्यायला आला नाही, भावजय कशी वागली, पाऊस कुठं गेला, लेकीला कुणाच्या घरी दिली. इंदिरा संतांना या ओव्यांत गाथा दिसली आणि त्यांनी ‘मालनगाथा’ लिहिली. त्याआधी साने गुरुजींनी १९४०च्या आसपास ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या गोळा केल्या, विषयवार लावल्या. डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीतर्फे खंडामागून खंड काढले. मराठवाड्यात डॉ. प्रभाकर मांडे यांनी लोकसाहित्याचा अभ्यास विद्यापीठात रुजवला. या सगळ्यांचं ऋण मोठं आहे. तरीही बहुतेक छापील संग्रहांतून दोन गोष्टी निसटल्या. एक चाल, दुसरी गाणारी. ओवी ‘लोकांची’ झाली. लोक कधी गात नाहीत. गाते ती एखादी बाई, तिच्या दमाने, तिच्या गावच्या वळणाने.

ही चूक दुरुस्त करण्याचं काम पुण्यात सुरू झालं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ हे दोघे समाजशास्त्रज्ञ मावळ-मुळशीच्या डोंगरातल्या बायकांबरोबर संघटनेचं काम करत होते. १९८०च्या दशकात त्यांच्या लक्षात आलं की सभेत न बोलणाऱ्या बाया जात्यावर सगळं बोलतात. मग ओव्या लिहून घ्यायला सुरुवात झाली. जितेंद्र मैड यांच्यासारखे कार्यकर्ते गावोगाव फिरले. पुढे बर्नार्ड बेल हे संगणक आणि संगीत दोन्हींचे जाणकार येऊन मिळाले आणि ध्वनिमुद्रण झालं. एक लाखाहून जास्त ओव्या, हजारावर गावं, शंभर तासांहून जास्त आवाज. माझ्या लेखी सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे प्रत्येक ओवीसमोर गाणारीचं नाव, गाव, तालुका, जिल्हा. अशा गायिका तीन हजारांच्या वर आहेत. पॉइत्व्हाँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली. हा संग्रह २०१७पासून ‘पारी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियावर ऐकायला मिळतो.

त्यात मराठवाड्याचे दोन आवाज मी पुन्हा पुन्हा ऐकतो. पहिला गंगुबाई अंबोरे यांचा. गाव ताडकळस, तालुका पूर्णा. परभणी जिल्हा असला तरी नांदेडची हवा तिथपर्यंत पोचते. गंगुबाई सीतेच्या ओव्या गातात. वनवासाच्या. गर्भवती सीतेला रानात सोडलं, ही गोष्ट किती कीर्तनकारांनी किती प्रकारे सांगितली आहे. गंगुबाईंचा आवाज त्या गोष्टीला शोभा आणत नाही, त्या सीतेची बाजू घेतात. स्वर खेचलेला, जरा फाटलेला, आणि ओळीच्या शेवटी श्वास संपेपर्यंत धरलेला. शास्त्रीय बैठकीत अशा आवाजाला कुणी दाद देईल की नाही, शंका आहे. मला तो मोठ्या गायिकेचा आवाज वाटतो.

दुसरा आवाज राधाबाई बोऱ्हाडे यांचा, बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरमधला. मुद्रण १९९६ सालचं. साल महत्त्वाचं आहे. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव १९७८च्या जुलैत झाला आणि त्यानंतर मराठवाड्यात, नांदेड-परभणीकडच्या खेड्यांत विशेष, दलितांची घरं जळाली, माणसं मारली गेली. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ला. म्हणजे राधाबाईंचा आवाज टेपवर आला तेव्हा नामविस्ताराला जेमतेम दोन वर्षं झाली होती. आणि त्या गातात बाबासाहेबांच्या ओव्या. साचा तोच जुना, जनाबाईचा म्हणा हवं तर. मोजत म्हटलेल्या ओव्या, पुन्हा पुन्हा वळणारी ओळ, समोरच्या सखीला घातलेली साद. मात्र या ओव्यांत पंढरीची वाट नाही. बौद्ध बायकांच्या ओव्यांत बाबासाहेब येतात, रमाई येते, नागपूरची दीक्षा येते, निळा झेंडा येतो. आठशे वर्षांचं जुनं गाणं एका पिढीत संपूर्ण नव्या विषयाला जुंपलं गेलं आणि कुठे उसवलं नाही. ओवीला ‘पारंपरिक’ म्हणून काचेच्या कपाटात ठेवणाऱ्यांनी राधाबाईंना एकदा ऐकावं. जुनं आणि आजचं असा भेद त्यांच्या गळ्यात नाही.

मग जातं का थांबलं? त्यात गूढ काही नाही. गावात आधी इंजिनाची गिरणी आली, नंतर विजेची. बाईची पहाटेची दोन-तीन तासांची कंबरमोड वाचली. ती वाचलीच पाहिजे होती. ओवीच्या आठवणीने डोळे ओले करणाऱ्या पुरुष लेखकांनी (मीही त्यातलाच) आठवडाभर जातं ओढून बघावं, मग गिरणीबद्दल बोलावं. पुढे ज्वारीच्या रानात सोयाबीन आलं. लातूर तुरीच्या डाळीच्या मिलांचं शहर झालं, तिथे आता यंत्रंच भरडतात.

आणि ३० सप्टेंबर १९९३ची पहाट. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात जवळजवळ दहा हजार माणसं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. गावंच्या गावं नव्या जागी वसवली गेली, सरळ रस्ते आणि सुट्या घरांची. गिरण्या तोवर आल्याच होत्या, त्यामुळे ओवी भूकंपाने मेली असं म्हणणं खोटं ठरेल. पण जुन्या गावात भिंतीला भिंत होती, हाक मारली की शेजीण यायची. दुसरी बाई असल्याशिवाय ओवी पुढे जात नाही, ही त्या गाण्याची अटच आहे. पांगलेल्या घरांत ती अट पाळणं अवघड झालं असणार.

तरी गाणं उरलंय, ठिकाणं बदलून. लग्नाच्या हळदीला अजून जातं पुजतात. खुंट्याला आंब्याची पानं आणि हळकुंड बांधतात, सवाष्णी मिळून हळद दळतात, आणि तेवढ्यापुरती एखादी म्हातारी ओवी काढते. बाकीच्या फोन वर धरून चित्रीकरण करतात, म्हातारी दोन ओव्यांनंतर लाजून थांबते. माहूरच्या रेणुकेच्या आणि तुळजापूरच्या वाटेवर आराधी बाया गातात. किनवट, मुखेड, कंधारकडच्या तांड्यांवर श्रावणातल्या तीजेला बंजारा पोरी टोपलीत गव्हाचे अंकुर वाढवतात आणि त्याभोवती फेर धरून गातात. लग्नात निरोपाचा ढावलो नवरी स्वतः म्हणते. त्यावर एक वेगळा लेख हवा. इथे चार ओळींत गुंडाळणं बरं नाही.

शहरांत महिला भजनी मंडळं आहेत. नांदेडच्या किंवा लातूरच्या कुठल्याही वसाहतीत एकादशीला दुपारी पेटी-ढोलकीचा आवाज येतो. दुपारच्या दोन तासांत घराबाहेर पडून मोठ्याने गाण्याची जी मोकळीक मिळते, तिला मी कमी लेखणार नाही. पण पेटीने गळ्याच्या बारीक जागा पुसल्या, आणि सिनेमाच्या चालीवरची भजनं आली, हेही खरं. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या युवक महोत्सवात पोरी लोकगीत गातात, छान गातात. तिथे ओवी आली की मात्र ढोलकी येते, कोरस येतो, मिनिटांचं बंधन येतं. जिचा जीवच सावकाशीत आहे त्या गाण्याला धावायला लावलं जातं. परीक्षकांनी एकदा तरी वाद्यांशिवाय, दोनच मुलींची, न घाईची ओवी मागून बघावी. आणि लोकगीत सादर करणाऱ्या संघाने ते कुणाकडून शिकलं, त्या बाईचं नाव आणि गाव मंचावरून सांगावं, अशी अट घालावी. गुण नंतर द्यावेत.

ज्यांनी खुंटा हातात धरून वर्षानुवर्षं दळलं, त्या बायका आता बहुतेक सत्तरीच्या पुढे आहेत. तुमच्या घरात, गल्लीत, आजोळी अशी एखादी आजी असेल. फोन सगळ्यांकडे आहे. जातं नसलं तरी चालेल, पण तिच्या वयाची दुसरी बाई शेजारी बसवा, म्हणजे ओळ धरायला कुणीतरी राहील. मधेच टोकू नका, अर्थ नंतर विचारा. तिला विचारून, तिची हरकत नसेल तर, सुरुवातीला तिच्याच तोंडून नाव, माहेर, सासर आणि गळा कुणाकडून घेतला ते वदवून घ्या. आणि ती ओवी पुढे कुणालाही पाठवाल तेव्हा ‘पारंपरिक’ असं लिहू नका. तिचं नाव लिहा.